‘सगळं नॉर्मल आहे’ एवढंच मला सांगतात

वाचकाचं पत्र

ताई, मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांचा आजार आहे. लहानपणी संध्याकाळ झाली की दारात, पायरीवर ठेचकाळायचे. सगळे वेंधळी म्हणायचे. आजाराचं नाव कळलं ते कॉलेजात गेल्यावर. आता मी ३१ वर्षांची आहे. समोरचं एका लहान गोलातलं दिसतं, आजूबाजूचं नाही. फोनवर टॉकबॅक आणि लॅपटॉपवर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सॉफ्टवेअर, लावून नोकरी करते.

गेल्या वर्षी रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट फोनवर फोटो म्हणून आला. दादाने पाहिला आणि म्हणाला, “सगळं नॉर्मल आहे.” आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तोच रिपोर्ट पाहिला तेव्हा कळलं, थायरॉईडचा टीएसएच ८.२ होता. दादाला विचारलं तर म्हणाला, “थोडासाच वाढला होता. तुला कशाला उगाच घोर?”

माझं लग्न ठरलंय. मुलांना हा आजार जाईल का, हे होणाऱ्या नवऱ्याशी बोलण्याआधी मला स्वतःला समजून घ्यायचंय. हे काही मी दादाला किंवा वहिनीला वाचून दाखव म्हणू शकत नाही. रात्री हेडफोन लावून शोधते, घरच्यांना वाटतं गाणी ऐकते. पण निम्मी पानं टॉकबॅकला वाचताच येत नाहीत, आणि जी येतात त्यातलं खरं कोणतं ते कळत नाही. सोबत एका व्हिडिओची लिंक पाठवतेय. रातांधळेपणावर व्हिटॅमिन एच्या कॅप्सूल सांगितल्यात. आणू का? दादा म्हणतो, “आम्ही आहोत ना वाचायला, मग तुझा हा हट्ट कशाला?” हा हट्ट आहे का, ताई? आणि हे असं चोरून शोधणं चुकतंय का माझं?

उत्तर

आधी कॅप्सूलचं, कारण त्याची घाई जास्त आहे. आणू नका. आणून सुरू केल्या असतील तर आज थांबवा, आणि किती दिवस, किती घेतल्या ते डॉक्टरांना सांगा.

व्हिटॅमिन ए कमी पडल्यामुळे येणारा रातांधळेपणा वेगळा. तो ते व्हिटॅमिन मिळालं की सहसा सुधारतो. तुमचा रातांधळेपणा वेगळ्या मुळाचा आहे. जनुकातल्या दोषामुळे डोळ्याच्या पडद्यातल्या, अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. दोन्हींना आपल्या भाषेत नाव एकच, म्हणून हा घोटाळा होतो. तुमच्या आजारात मोठ्या डोसचा उपयोग होतो का, यावर डोळ्यांच्या डॉक्टरांत एकमत नाही. आणि पडद्याच्या काही आनुवंशिक आजारांत, उदाहरणार्थ एबीसीए४ या जनुकाच्या दोषात, जादा व्हिटॅमिन ए घेऊ नका असंच सांगतात. हे व्हिटॅमिन लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठत राहतं. तुमच्या बाबतीत तर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचा मोठा डोस बाळात व्यंग निर्माण करू शकतो. त्या आठवड्यांत पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचं ठाऊकही नसतं.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी आधी एकटीने ऐकला. मी पूर्ण अंध आहे, त्यामुळे मला ऐकूच आला. दोन वाक्यं, मग बासरी, मग एक वाक्य, पुन्हा बासरी. कानाला काही वावगं लागलं नाही. मग एका डोळस मैत्रिणीला शेजारी बसवलं आणि म्हटलं, पडद्यावर जे दिसेल ते जसंच्या तसं बोल. बासरी वाजत होती तेव्हा पडद्यावर कॅप्सूलची मात्रा लिहून येत होती. आणि अगदी शेवटी, करड्या पट्टीवर पांढऱ्या बारीक अक्षरांत, गर्भवती किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, अशी ओळ होती. ती वाचायला तिलासुद्धा व्हिडिओ थांबवून फोन नाकाशी न्यावा लागला. त्या अख्ख्या व्हिडिओत तुम्हाला लागू असलेलं वाक्य हे एकच, आणि ते तुमच्या कानावर पडण्याची सोयच नव्हती. तेव्हापासून मी एक धरून चालते: आरोग्याच्या व्हिडिओत बोलणं थांबून नुसतं संगीत लागलं, की पडद्यावर काहीतरी लिहून आलेलं आहे. ते कळल्याशिवाय त्या व्हिडिओतलं काहीही करायचं नाही.

आता हट्टाचं.

मी २३ वर्षांची असताना माझी दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर वर्षभरात एकदा तपासणीचा रिपोर्ट आणायला गेले. सोबत कुणी नव्हतं. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, जरा वाचून सांगाल का? तिने वाचला. मोठ्याने, खणखणीत आवाजात, पाळीच्या तारखेपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पाठीमागे लोक बसलेले होते. मी वळून दाराकडे निघाले तेव्हा बाकावरच्या एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, “होईल हो बरं सगळं.” त्यांच्या मनात मायाच होती. पण मी घरी येईपर्यंत रडत होते, आणि त्यानंतर कित्येक महिने एक तपासणी टाळली. कुणाला तरी ती वाचायला लावावी लागली असती म्हणून. दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावं लागणं याची किंमत अशी तब्येतीत मोजावी लागते. तुमच्या बाबतीत ती आठ महिने होती. ज्या बाईच्या मनात मूल होऊ देण्याचा विचार आहे, तिच्यासाठी थायरॉईडचे आठ महिने लहान गोष्ट नाही. पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असते.

म्हणून हा हट्ट नाही. तुम्ही मागताय ते जगाने लेखी मान्य केलेलं आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी संमत झाला आणि ३ मे २००८ पासून लागू झाला. त्याच्या २५व्या कलमात आरोग्यसेवा आणि समजून-उमजून दिलेली संमती आहे, २१व्या कलमात माहिती वापरता येईल अशा रूपात, वेळेवर आणि जादा पैसे न घेता मिळण्याचं आहे. पण तुमच्यासाठी मला २२वं कलम जास्त जवळचं वाटतं. त्यात स्वच्छ म्हटलंय की अपंग व्यक्तीच्या आरोग्याच्या माहितीचा खासगीपणा इतरांच्या इतकाच जपला गेला पाहिजे. इतरांच्या इतकाच. तुमच्या दादाचा रिपोर्ट आधी दादा वाचतो आणि मग ठरवतो घरात काय सांगायचं. तुमच्या रिपोर्टचंही तसंच व्हायला हवं.

दादाबद्दल तुम्ही रागाने लिहिलेलं नाही, आणि मलाही तो वाईट माणूस वाटत नाही. त्याने एका कामात दोन कामं केली, आणि त्याला ते कळलंही नाही. वाचून दाखवणं हे एक काम, त्याचा अर्थ लावणं हे दुसरं. आपले लोक वाचता वाचता गाळतात, सौम्य करतात, एका शब्दात गुंडाळतात. हे कागद समोर ठेवून भांडताना समजावता येत नाही, शांत वेळी सांगावं लागतं. असं म्हणून बघा: “दादा, तू वाचून दाखवतोस म्हणून माझं कितीतरी अडत नाही. पण यापुढे रिपोर्ट वाचताना मला अर्थ नको. तपासणीचं नाव, आकडा, त्याचं एकक, शेजारी छापलेली मर्यादा आणि तळाची टीप, एवढं जसंच्या तसं वाच. घाबरायचं का ते मी डॉक्टरांना विचारीन.” टीएसएचचं बोलायचं तर बऱ्याच प्रयोगशाळा साधारण ०.४ ते ४ अशी मर्यादा छापतात. त्याने “टीएसएच ८.२, मर्यादा चारपर्यंत” एवढं वाचलं असतं तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी फोन केला असता. तो चिडला, तर आठ महिन्यांची आठवण एकदाच करून द्या. दुसऱ्यांदा नको.

पण खरं उत्तर दादा चांगला वाचक होण्यात नाही, दादाची गरज कमी होण्यात आहे. रिपोर्ट फोटो म्हणून आला की टॉकबॅकसाठी तो फक्त एक चित्र असतो. तो कागद संगणकावरच तयार झालेला होता, त्यात अक्षरं होती. कुणीतरी छापून त्याचा फोटो काढला आणि अक्षरं मेली. तेव्हा तपासणीला जातानाच, नाव नोंदवताना, हा मजकूर द्या किंवा आधी मेसेजने पाठवून ठेवा: “मी स्क्रीन रीडर वापरते. माझा रिपोर्ट फक्त माझ्या ईमेलवर, मूळ पीडीएफ फाइल म्हणून पाठवावा. फोटो किंवा स्कॅन नको. मर्यादेबाहेरच्या आकड्यांपुढे ‘जास्त’ किंवा ‘कमी’ असा शब्द लिहावा.” यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. पुष्कळ रिपोर्टांत बिघडलेला आकडा फक्त ठळक किंवा लाल केलेला असतो. डोळस माणसाची नजर तिथे आपोआप जाते. स्क्रीन रीडर मात्र ठळक ८.२ आणि साधा ८.२ एकाच सुरात वाचून पुढे जातो. लॅपटॉपवर यावर थोडा इलाज आहे: एनव्हीडीए-की, कंट्रोल आणि डी एकत्र दाबलं की दस्तऐवजाच्या मांडणीच्या सेटिंग उघडतात, त्यात ठळकपणा आणि रंग बोलून दाखवायला सांगता येतं. रोजच्या वापरात ते फार बडबडतं, म्हणून मी फक्त रिपोर्ट वाचताना चालू करते.

तरीही फोटोच आला, तर लॅपटॉपवर तो उघडून एनव्हीडीए-की आणि आर दाबा. विंडोज १० पासून चित्रातली अक्षरं ओळखण्याची सोय आतच आहे. फोनवर सीइंग एआय, लूकआउट यांसारखी ॲप्स हेच काम करतात. इंग्रजी छापील मजकूर ती बऱ्यापैकी ओळखतात, हस्ताक्षरात अडखळतात. आणि दशांशचिन्ह खातात! ८.२ चे ८२ झालेले मी स्वतः ऐकले आहेत. म्हणून कोणताही आकडा एका ॲपच्या भरवशावर घ्यायचा नाही. दोन ठिकाणी वाचून घ्यायचा आणि शेजारच्या मर्यादेशी ताडून बघायचा. बी माय आइज या ॲपवर जगभरातले स्वयंसेवक आपल्या कॅमेऱ्यातून बघून मदत करतात, मीही कितीदा घेतली आहे. पण तो पलीकडचा माणूस अनोळखी असतो. औषधाच्या बाटलीवरची तारीख त्याला विचारावी. नाव-गाव असलेला रिपोर्ट त्याच्यापुढे धरू नये.

डॉक्टरांकडे गेल्यावर ते दादाकडे बघून बोलत असतील. बहुतेक वेळा तसंच होतं. “हिला कधीपासून त्रास होतोय?” असा प्रश्न आला की दादाच्या आधी तुम्ही उत्तर द्या, दरवेळी. दोन-तीनदा झालं की डॉक्टरांचा आवाज आपोआप तुमच्या दिशेला वळतो. निघण्यापूर्वी आजाराचं आणि औषधाचं नाव अक्षर-अक्षर सांगायला लावा, आणि परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. नाव अचूक हाताशी असलं की नेटवरचं निम्मं भरकटणं थांबतं.

आता नेटवरच्या पानांकडे येते. जिथे काहीच वाचता येत नाही तिथे तुम्हाला वाटत असेल, आपल्यालाच टॉकबॅक नीट येत नाही. दोष तुमच्या बोटांत नाही. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दर वर्षी सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं तपासते. २०२४ मध्ये त्यातल्या ९५.९ टक्के पानांवर अडथळे सापडले, आणि हे फक्त यंत्राला आपोआप पकडता येतात तेवढेच. फिकी अक्षरं सगळ्यात जास्त, त्याखालोखाल वर्णन न दिलेली चित्रं. पानं कशी असावीत याचे नियम १९९९ पासून लिहिलेले आहेत आणि शेवटची आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक किमान ४.५ ला १ असावा, इतकं नेमकं त्यात सांगितलेलं आहे. म्हणजे नियम माहीत नाहीत म्हणून कुणाचं अडलेलं नाही, आणि याचा मला दरवेळी संताप येतो.

मराठी पानांचं दुखणं आणखी वेगळं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेल्या पीडीएफ डोळ्यांना सुरेख मराठी दिसतात आणि कानाला “कॅपिटल एल, स्लॅश, डॉलर” ऐकू येतात. अशा फाइलवर वेळ घालवू नका. तिचं चित्र समजून अक्षरं ओळखणाऱ्या ॲपला द्या, नाहीतर सोडून दुसरं शोधा. आणि “अक्षर मोठं कर” हा सल्ला तुम्हाला रोज मिळत असेल. तुमच्यासारख्या नजरेत अक्षर जितकं मोठं, तितकी त्या लहान गोलात मावणारी अक्षरं कमी. ज्यांची मधली नजर गेलीय त्यांना मोठं अक्षर कामी येतं, तुम्हाला ते त्रासाचंही ठरू शकतं. काळ्यावर पांढरं, मध्यम आकाराचं करून बघा, आणि लांब मजकूर कानांनीच ऐका.

खरं-खोटं कसं ओळखायचं, हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, कारण यात डोळस लोकांचे सल्ले आपल्याला पुरत नाहीत. ते म्हणतात, पान बघितलं की अंदाज येतो. रंगीबेरंगी चौकट दिसली की त्यांना कळतं, ही जाहिरात. आपल्या कानात मात्र लेखातलं वाक्य आणि मधे घुसलेली जाहिरात एकाच आवाजात, एकाच ठामपणे येतात. “डोळ्यांची नियमित तपासणी करावी. नव्वद दिवसांत दृष्टी परत मिळवा. तपासणीत पडद्याचा फोटो काढतात.” मधलं वाक्य डॉक्टरांचं नाही, हे आवाज सांगत नाही. म्हणून मी नवं पान वरून खाली ऐकत नाही. आधी एच दाबत फक्त मथळे ऐकते. फोनवर टॉकबॅकचं वाचन मथळ्यांवर ठेवून बोट खाली ओढलं की तेच होतं. मथळ्यांतून लेखाचा सांगाडा कळतो आणि त्यात न बसणारं वाक्य आलं की कान टवकारतात. मग थेट तळाशी जाते. कुणी लिहिलं, शेवटचं कधी तपासलं, पान कुणाच्या पैशावर चालतं, हे बहुधा तिथे असतं. नसेल तर पान बंद. जे पान आजार सांगता सांगता औषध विकतं, ते आजारापुरतंही खरं मानू नका.

सुरुवात कुठून करावी म्हणाल तर मेडलाइनप्लस. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९८ पासून चालवलेलं हे संकेतस्थळ सोप्या इंग्रजीत आहे, जाहिराती नाहीत, आणि मथळ्यांवरून उड्या मारत ऐकता येतं. जनुकीय आजारांचा त्यात वेगळा विभाग आहे, तुमच्या आजारासकट. एखाद्या उपचाराचा खरंच उपयोग होतो का हे बघायचं असेल तर उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे सोप्या भाषेतले सारांश बघा. तिथे “पुरावा पुरेसा नाही” असं सरळ लिहिलेलं असतं. चॅटबॉटला विचारत असाल तर अवघड शब्द सोपा करून घ्यायला विचारा. डोस, आकडा, “घेऊ का” हे विचारू नका. तो चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराच्याच सुरात देतो.

मुलांचं. याचं उत्तर कुठल्याच पानावर तयार मिळणार नाही, कारण हा एक आजार नाही, अनेक जनुकांतल्या दोषांनी होणाऱ्या आजारांचं एक नाव आहे. तो घराण्यात मुख्यतः तीन प्रकारे उतरतो. एका प्रकारात आईवडिलांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरतो. तिथे प्रत्येक मुलाला तो जाण्याची शक्यता निम्मी. दुसऱ्यात दोघांकडूनही दोष यावा लागतो. तुमचा तसा असेल आणि होणाऱ्या नवऱ्यात त्याच जनुकाचा दोष नसेल, तर मुलं वाहक होतील पण त्यांना आजार होणार नाही. होणारा नवरा तुमच्या नात्यातला असेल तर हे आवर्जून तपासायला हवं. तिसरा एक्स गुणसूत्रावरून जातो, आणि त्यात मुलगा की मुलगी यावर फरक पडतो. तुमचा कोणता हे जनुकीय चाचणी आणि घराण्याचा इतिहास यांवरून ठरतं, पुष्कळदा नक्की ठरतं, काही वेळा चाचणीतही सापडत नाही. जनुकीय समुपदेशकाची वेळ घ्या. पहिली भेट एकटीची ठेवा, दुसरीला होणाऱ्या नवऱ्याला सोबत न्या. म्हणजे बोलायच्या आधी समजून घेण्याची तुमची इच्छा पुरी होईल, आणि त्यांचे प्रश्न विचारायला योग्य माणूस समोर असेल. टीएसएचचं काय झालं हे पत्रात नाही. ते आधी मार्गी लावा.

जनुक कळण्याचा आणखी एक उपयोग आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत डोळ्याच्या पडद्यासाठी पहिल्या जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली, लक्सटुर्ना नावाने. तो फक्त आरपीई६५ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असलेल्यांसाठी आहे. नेटवर मात्र “आता या आजारावर इलाज निघाला” एवढंच फिरतं, आणि त्याच्या आडोशाने स्टेम सेलच्या नावाखाली वाटेल ते विकतात. स्वतःचं जनुक माहीत असलेल्या बाईला फसवणं अवघड असतं. दुसरीकडे, “यावर काही होत नाही” हेही पुरतं खरं नाही. या आजारात लवकर येणारा मोतीबिंदू आणि पडद्याच्या मध्यावरची सूज यांवर उपचार करता येतात, म्हणून डोळ्यांची नेमाने होणारी तपासणी सोडू नका.

लिहिता लिहिता इतर वाचकांची आठवण येतेय. ऐकू न येणारे लिहितात की आपोआप येणारी उपशीर्षकं नेमकं औषधाचंच नाव चुकवतात. हात थरथरणारे लिहितात की डॉक्टरांची वेळ नोंदवताना बटण दाबेपर्यंत पानाची मुदत संपते. ज्यांना लांब वाक्यं उमगत नाहीत त्यांच्यासाठी तर कुणी लिहीतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात १३० कोटी लोक लक्षणीय अपंगत्व घेऊन जगतात, दर सहा माणसांत एक. त्यांच्यापैकी कुणालाही तब्येतीची माहिती इतरांपेक्षा कमी लागत नाही, बहुधा जास्तच लागते. तुम्हाला अडलेलं पान सापडलं की ते चालवणाऱ्यांना दोन ओळी लिहून कळवा: कोणतं पान, कोणत्या बटणाला नाव नाही, कोणतं चित्र मुकं आहे. मी लिहिते. दहातले एक-दोन दुरुस्त करतात.

आणि चोरून शोधण्याचं. बाकीची माणसं आपल्या खोलीत दार लोटून फोनवर काय वाचतात ते कुणाला सांगत नाहीत; त्याला कुणी चोरी म्हणत नाही. गाणी ऐकते असं वाटत असेल तर वाटू द्या. एक कान मात्र मोकळा ठेवा, कुणी खोलीत आलं तर कळावं म्हणून. आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं: आपण कानांनी वाचत असलो तरी पडदा उजळलेलाच असतो, आणि मागे उभा असलेला माणूस सगळं वाचू शकतो. टॉकबॅकच्या मेनूत पडदा लपवण्याची सोय आहे, एनव्हीडीएमध्येही पडदा काळा करता येतो. ते चालू केलं की स्क्रीन पूर्ण अंधारी होते आणि आवाज चालूच राहतो. आज रात्री ते लावा, आणि मग शोधा.